वाइसआधी पाचर

भाऊ, रंधा मारताना फळी घट्ट धरायला वाइस (बाकाचा शिकंजा) हवा म्हणतात, पण त्यासाठी आत्ताच पैसे घालू नको. मोडक्या बैलबंडीचं बाभळीचं लाकूड असेल, त्यातून पाचर काढ. 8 इंचांत 1 इंच उतार पुरे. बाकावर दोन पट्ट्या स्क्रूने बसव, एक सरळ, दुसरी त्याच उताराने तिरपी. फळी सरळ पट्टीला टेकव अन् फळी नि तिरप्या पट्टीच्या मधे पाचर हलकेच ठोक. निमुळतं टोक रंधा जातो त्या दिशेला हवं, म्हणजे रेट्यानं ती अजून आवळते. मी पहिल्यांदा उतार दुप्पट ठेवला होता. पाचर उडाली ती थेट कोंबड्यांत! तेल-पॉलिश लावू नको, घसरते. पट्ट्या फळीपेक्षा पातळ ठेव अन् स्क्रूची डोकी लाकडात बुडव, नाहीतर रंध्याच्या पात्याची धार गेलीच समज. बाभूळ वाळलेलीच घे बाप्पा, ओली वैशाखात आकसून ढिली पडते.