वाचकांचे प्रश्न : मोटार क्लबचे सदस्यत्व नेमके कशासाठी?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका सोसायटीत राहतो. माझी गाडी नऊ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती रस्त्यातच बंद पडली आणि विम्यासोबत मिळालेल्या मदत क्रमांकावर फोन करूनही क्रेन यायला दोन तास लागले. आता शेजारी सांगतात की, मोटार क्लबचे सदस्य व्हा. विमा कंपनी आणि गाडी बनवणारी कंपनी, दोघेही रस्त्यावरील मदत देत असताना आणखी वर्गणी भरण्यात काय अर्थ आहे?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : केवळ क्रेनसाठी सदस्य होणार असाल, तर घाई करू नका. ‘क्लब म्हणजे क्रेन’ हे समीकरण आपल्याकडे रूढ असले, तरी या संस्थांचा जन्म त्यासाठी झालेला नाही. ब्रिटनमधील ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ १९०५ साली स्थापन झाली, ती पोलिसांच्या वेगसापळ्यांपासून मोटारवाल्यांना सावध करण्यासाठी. रस्त्यावर उभे असलेले तिचे कर्मचारी सदस्याची गाडी दिसली की सलाम करीत. पुढे पोलीस असल्याची आगाऊ सूचना देणे हा गुन्हा ठरतो, असा निर्णय १९१० मध्ये तेथील न्यायालयाने दिला. त्यावर संस्थेने काढलेली पळवाट मोठी मिश्कील होती : कर्मचाऱ्याने सलाम केला नाही, तर सदस्याने थांबून कारण विचारावे! आपल्या भागातील ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ १९१९ पासून मुंबईत आहे. त्या काळात मोटार बाळगणारे थोडे, दुरुस्ती जाणणारे त्याहून थोडे आणि पुढच्या गावात पेट्रोल मिळेल की नाही याची खात्री नाही, अशा स्थितीत मोटारवाल्यांनी एकमेकांच्या अडचणीला उभे राहण्यासाठी एकत्र येणे स्वाभाविकच होते.

आता क्रेनपुरते बोलू. कंपनीची मदत बहुधा वॉरंटीच्या काळापुरती असते आणि गाडी जुनी होत जाते तशी विम्याची काही पूरक संरक्षणेही मिळेनाशी होतात. त्यामुळे नऊ वर्षांच्या गाडीसाठी क्लबचा पर्याय तपासून पाहणे योग्यच आहे. मात्र वर्गणी भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. विनामूल्य वाहून नेण्याचे अंतर किती आणि ते कोठून मोजले जाते? आपण कसारा किंवा माळशेज घाटात अडकलात, तर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंतच नेणार की ठाण्यापर्यंत आणणार? मदत त्या एका गाडीला आहे की सदस्य जी गाडी चालवत असेल तिला? वर्षातून किती वेळा बोलावता येते? बहुमजली सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी : तळघरातील पार्किंगच्या कमी उंचीत यांचे वाहन शिरते का? गाडी ऑटोमॅटिक किंवा विजेवरची असेल, तर ती दोरीने टोचन करून न नेता चारही चाके वर राहतील अशा सपाट वाहनावरूनच नेली पाहिजे. अन्यथा गिअरबॉक्स किंवा मोटरचे नुकसान होऊ शकते. तसे वाहन क्लबकडे, किंवा क्लबने ज्याला काम दिले आहे त्या ठेकेदाराकडे, आहे की नाही हे आधीच कळलेले बरे. क्रेन क्लबची असो वा विमा कंपनीची, घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत ती सारखीच अडकते, हेही ध्यानात असू द्या.

आपण पावसाचा उल्लेख केला म्हणून सांगतो. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळा. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिनच निकामी होते. इंजिनसाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर हे नुकसान विम्यात बसत नाही म्हणून दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. अशा वेळी नेमके काय करावे, हे फोनवर शांतपणे सांगणारा जाणकार माणूस क्लबकडे असेल, तर माझ्या मते वर्गणीचा मोठा भाग तेथेच वसूल होतो.

खरा उपयोग मात्र कागदपत्रांच्या बाबतीत आहे. गाडी राज्यातल्याच व्यक्तीला विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक जण पैसे घेतात, किल्ली देतात आणि विसरून जातात. पुढे अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. वाहनमालकाचे निधन झाल्यावर कुटुंबाची जी तारांबळ उडते, ती याहून अवघड. वारसाने ३० दिवसांत कळवायचे असते आणि ३ महिन्यांत नमुना क्रमांक ३१ भरून नोंदणी स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. दुःखात असलेल्या, आयुष्यात कधी परिवहन कार्यालयाची पायरी न चढलेल्या बाईंना हे कोण सांगणार? अर्ज आता ऑनलाइन भरता येतात हे खरे, पण कोणता अर्ज भरायचा हे ठाऊक असावे लागते. एजंट सांगतो, पण त्याचा स्वार्थ काम अवघड भासवण्यात असतो. हे मार्गदर्शन विश्वासाने देणे हीच सदस्यांच्या संस्थेची मोठी सेवा आहे, असे मला वाटते. म्हणून क्लबच्या कार्यालयात एकदा समक्ष जा आणि वारसा हक्काने गाडी नावावर करण्याची पद्धत विचारून पाहा. उत्तर देणाऱ्याला नमुना क्रमांक आणि मुदत माहीत नसेल, तर तेथे सदस्य होण्याचे कारण उरत नाही.

तसेच गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद मागा. वार्षिक सर्वसाधारण सभा होत नसेल, तर तो क्लब नसून वर्गणीवर चालणारा धंदा आहे. त्याच्याकडून सेवा घ्यायला हरकत नाही, पण सदस्य म्हणून आपले काही चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आणि सदस्यत्व असो वा नसो, मुंबई–नाशिक यांसारख्या राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आणि कोठेही संकटात ११२ हे क्रमांक सर्वांसाठी आहेत.

प्रश्न : मुलीकडे परदेशी जाणार आहे. तेथे गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना क्लबकडून घ्यावा की वाशीच्या आरटीओकडून?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : थेट परिवहन कार्यालयाकडे अर्ज करा. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारलेला असून तो फार तर एका वर्षासाठी मिळतो. त्यासाठी भारतातील परवाना वैध असावा लागतो आणि तेथे गाडी चालवताना मूळ परवानाही सोबत बाळगावा लागतो. प्रत्येक देश हा करार मानतोच असे नाही, म्हणून त्या देशाचा नियम आधी पाहा. दहा वर्षांच्या मुदतीचा ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच देणाऱ्या जाहिरातींना मात्र बळी पडू नका. त्या कागदाला कायदेशीर किंमत नसते.

स्वतःची गाडीच परदेशी नेणार असाल, तर गोष्ट निराळी. ‘कार्ने’ नावाचे सीमाशुल्काचे हमीपत्र मोटार संघटनांमार्फतच मिळते आणि त्यासाठी मोठी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. तेथे क्लबला पर्याय नाही.

प्रश्न : चुकीचे ई-चलान रद्द करून देण्याचा अधिकार क्लबला असतो का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. तक्रार वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर, छायाचित्रासह, आपल्यालाच नोंदवावी लागते. छायाचित्रातील क्रमांक आणि गाडीचा रंग आधी नीट पाहा. दुसऱ्याच गाडीची पाटी चुकीची वाचली गेली असेल, तर तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा असतो. क्लबचा जाणकार तक्रारीचा मसुदा करून देऊ शकेल, त्यापलीकडे काही नाही.