भावना बाजूला ठेवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. योग्य-अयोग्य ठरवताना भावना पूर्णपणे बाजूला ठेवण्याची सवय लावून घेत आहेस, असे तू लिहिलेस. हेतू चांगला आहे. पण या वाटेने तू न्यायापर्यंत पोहोचशील, असे मला वाटत नाही.

मेंदूच्या कपाळामागील भागात, भावनांशी निगडित अशा एका ठिकाणी, इजा झालेल्या सहा रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांची बुद्धी शाबूत होती आणि समाजाचे नियमही त्यांना ठाऊक होते. मात्र अनेकांचे प्राण वाचवण्यासाठी एका निरपराध माणसाला स्वतःच्या हाताने मारावे काय, अशा काल्पनिक पेचांत त्यांनी इतरांपेक्षा अधिक वेळा होकार दिला. ते अधिक तर्कशुद्ध झाले होते, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, याच प्रकारची इजा असलेल्या रुग्णांनी पैशांच्या वाटणीत अन्याय्य वाटा देऊ केला जाताच तो नाकारून स्वतःचेच नुकसान करून घेतले, आणि तेही इतरांहून अधिक वेळा. म्हणजे राग शिल्लक होता. दुसऱ्याला इजा करताना मनात उठणारी कळ तेवढी बोथट झाली होती, असे दिसते. याला निखळ विवेक कसे म्हणावे?

बुद्धी एकटी माणसाला कृतीस प्रवृत्त करू शकत नाही, असे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम अठराव्या शतकातच सांगून गेला. तिथवर मी त्याच्याशी सहमत आहे. मात्र भावनेला प्रमाण कळत नाही. एका मुलाचे नाव आणि छायाचित्र पाहून कळवळणारे आपण हजारो मुलांचा आकडा निर्विकारपणे वाचून पुढे जातो. (किळस तर याहून बेभरवशाची, तिच्या जोरावर कितीतरी निरुपद्रवी माणसांना दूर लोटले गेले आहे.)

म्हणून राग आला तर तो दाबू नकोस, तपासून पाहा. तीच कृती तुझ्या जिवलगाने केली असती तर तो एवढाच आला असता का? ज्याच्यावर अन्याय झाला तो तुझा नावडता असता तर आला तरी असता का? उलट, सगळा हिशेब जुळूनही मनाला काही खटकत राहिले, तर त्या हिशेबात कोणाचे नुकसान धरायचे राहून गेले आहे, ते शोध.

तू कळवलेल्या प्रकरणाला घाई नाही. या प्रश्नांची उत्तरे कागदावर मांड, आणि निर्णय कोणताही झाला तरी कारणांसह मला लिही.

तुझा स्नेहांकित