स्प्रिंगच्या एअर रायफलचा ट्रिगर फार जड आहे, घरीच घासून हलका करता येईल का?

नाही. कानस खाली ठेवा.

आमच्या दाजींनी हेच केलं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी आजही मान्य करतो. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकहून नेमबाजीचं ब्राँझ आणलं आणि भाच्यानं रायफलचा हट्ट धरला. ट्रिगर जड म्हणून दाजींनी तो उघडला, सिअरची, म्हणजे दाबलेली स्प्रिंग अडवून धरणाऱ्या खटक्याची कड कानशीनं घासली, वर पॉलिश पेपर मारला. ट्रिगर लोण्यासारखा झाला. मीही ओढून बघितला आणि वाहवा केली, ते मला अजून सलतं.

तीनेक आठवडे काही झालं नाही. मग एका संध्याकाळी जुळे सोलापुरात त्यांच्या गच्चीवर भाच्यानं रायफल भरली, सेफ्टी लावली आणि दस्ता कठड्यावर जरा जोरात टेकवला. ट्रिगरवर बोट नव्हतं. ताई पलीकडे दोरीवर चादर वाळत घालत होती. छर्रा चादरीतून थेट तिच्या दंडात. हात वर होता, डोळ्यापासून वीतभर अंतर.

दाजींचं तेव्हापासून एकच, पोरानं नळी नीट धरली नाही. नळी माणसाकडे गेली ही चूक पोराचीच, मी त्याला तिथंच झापलं. पण छर्रा सुटला कशामुळे? या रायफलमध्ये दाबलेल्या स्प्रिंगचा जोर सिअरच्या एवढ्याशा खाचेवर तोललेला असतो, म्हणून तर ट्रिगर जड लागतो. पकड कमी केली की धक्क्यानं निसटणारच. त्यात सिअरचा कडकपणा बऱ्याचदा वरच्या पातळ थरापुरता असतो. तो गेला की खालचं मऊ लोखंड दर बाराला झिजतं, म्हणून पहिले तीन आठवडे सगळं ठीक वाटतं. आणि "सेफ्टी लावली होती की" हे उत्तर नाही, दाजी. बहुतेक सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, सिअर नाही. शिकाऊ पोरगं रायफल आपटणारच, तेवढं रायफलनं सोसायला हवं.

मोडनळीची, म्हणजे नळी वाकवून भरायची रायफल असेल तर आणखी वाईट. छर्रा भरताना सिअर निसटला की नळी उसळून बोटं मोडतात. भरताना नळी हातानं घट्ट धरूनच ठेवा.

कंपनीनं ट्रिगर हलका करायला स्क्रू दिला असेल तर पुस्तिकेत लिहिलंय तेवढाच, पाव-पाव फेरा फिरवा. मग छर्रा भरून, नळी टार्गेटकडे, बोट बाहेर ठेवून दस्त्यावर तळहातानं ठोका. सुटली तर स्क्रू मागे. रिकामी उडवू नका, पिस्टनला मार बसतो. स्क्रू नसेल तर रोज सराव करा, बोट तयार होतं.

स्पर्धेच्या मॅच रायफलचं मी बोलत नाही. त्यांचे ट्रिगर हलके करण्यासाठीच बनवलेले असतात. १० मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादाच नाही, एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे. आणि ४.५ मिमी, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही म्हणून ती गड्डा यात्रेतली फुगे फोडायची बंदूक समजू नका.

ताईच्या दंडावर व्रण आहे. भाचा अजून तिच्यासमोर रायफलचं नाव काढत नाही. दाजी, ट्रिगर तुम्ही घासला होता, एवढं त्याला एकदा तुमच्या तोंडानं सांगा.