समुद्रावर घडणाऱ्या ऐतिहासिक रहस्यकादंबरीत भूत खरं असावं, की शेवटी माणसाचाच डाव निघावा?

तुमचं कथानक असं: साल १७२०च्या आसपास, कान्होजी आंग्र्यांचं गलबत, रात्री एकेक खलाशी नाहीसा होतोय आणि तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख खलाशी, म्हणतो हा गिऱ्ह्याचा, पाण्यातल्या भुताचा खेळ आहे. गिऱ्हा खरा ठेवू का, असं विचारलंय.

मी लेखक नाही. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता नेरूळला घरी बसून हातात येईल ते वाचतो. तरी सांगतो, कारण एकदा असला प्रकार आमच्याच जहाजावर झाला होता.

माझा बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा-पाळी. इंजिन रूमच्या तळाला जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती बॅलास्ट टाकी, तेव्हा रिकामी, तिच्यातून ठोके यायचे. तीन ठोके, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. दुसऱ्या रात्री आमचा ऑइलर, इंजिनाला तेलपाणी करणारा खलाशी, तिथे उदबत्ती लावायला निघाला. इंजिन रूममध्ये उदबत्ती! मी ओरडलो, तर त्याने न पेटवताच ती पाइपच्या फटीत खोचून ठेवली. बंदरात टाकी उघडली तेव्हा आत हातभर लांबीचा लोखंडी नळा सापडला. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून जहाज दुरुस्त करतात त्या गोदीत, कुणीतरी विसरलेला, जहाज एका बाजूला कललं की गडगडत जाऊन आपटायचा. संपलं भूत. पण ऑइलर त्यानंतरही तिथे एकटा गेला नाही. आणि मीसुद्धा टाकीजवळ जाताना काहीतरी निमित्त काढून कुणालातरी सोबत घ्यायचो.

तेव्हा माझं मत: खुनी माणूसच निघू द्या, आणि नळा सापडूनही गिऱ्ह्याला जाऊ देऊ नका.

माणूस किती पुरतो ते बघायचं तर डच कंपनीच्या 'बटाव्हिया' जहाजाची हकीकत वाचा. १६२९च्या जूनमध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकांवर फुटलं. कमांडर पेलसार्ट होडी घेऊन मदत आणायला जावाकडे गेला. मागे बेटांवर उरलेल्यांचा ताबा येरोनिमस कॉर्नेलिस नावाच्या माणसाने घेतला. मूळचा औषधविक्या! तीनेक महिन्यांनी पेलसार्ट परतला तोवर शंभराहून जास्त लोक मारले गेले होते. बायका-मुलंसुद्धा. यात भूत कुठेच नाही.

भुताचा भास होईल असं सामान मात्र समुद्रावर भरपूर. वादळात डोलकाठीच्या टोकाला निळसर उजेड दिसतो, तो विजेचा प्रकार आहे, पण तांडेलाला कोण सांगणार? त्याहून भारी म्हणजे स्कर्व्ही. क जीवनसत्त्व न मिळाल्याने हिरड्यांतून रक्त येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पूर्वी भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. पकडलेल्या कंपनी सरकारच्या जहाजावरचा एखादा गोरा कैदी तुमच्या गलबतावर ठेवा. सहा-आठ महिने समुद्रावर काढून आलेला, आणि त्याचा दहा वर्षांपूर्वीचा तलवारीचा वार अचानक ओला होतो. ब्रिटिश नौदलाचा डॉक्टर जेम्स लिंड याने लिंबू-संत्री देऊन प्रयोग केला तो १७४७ साली, म्हणजे तुमच्या जहाजावर याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नाही.

गलबत लहान असतं हे विसरू नका. चाळीस-पन्नास वल्ही मारणारे दाटीवाटीने झोपलेले, त्यातून माणूस आवाज न होता कसा जातो? आधी कागदावर आराखडा काढा, कोण कुठे झोपतो ते लिहा. वाचक तेच तपासणार.

आणि एक चूक आताच सुधारा. तुमचं गलबत आषाढात निघतंय. आषाढात कोण निघतं? नारळी पौर्णिमेपर्यंत सगळी किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेली असतात. किंवा राहू द्या आषाढच. पावसाच्या उघडिपीत कुणालातरी दूरवर शीड दिसतं. गावकरी धावत जाऊन झापांखालची गलबतं मोजतात. एकही कमी नाही.