दिग्दर्शकाचे कागद बघून काय मिळणार?

प्रश्न: मी खानापूरचा, जुन्या मराठी सिनेमावर पीएचडी करायला लागलोय. गाईड म्हणतात दिग्दर्शकाच्या वह्या-पत्रं बघितल्याशिवाय चॅप्टर लिहू नको. पिक्चर मोबाईलवर बघायला मिळतात की, मग कागद कशाला? आणि निपाणीच्या आमच्या मामांकडे एक ट्रंक आहे, ते कोल्हापूरला युनिटमध्ये कामाला होते, ती नीट लावून ठेवू का?

उत्तर: आधी ट्रंकेचं, लावू नका! कुठल्या पत्राला कुठलं बिल टाचलंय, काय कशाखाली ठेवलंय, यातूनच तर कळतं काम कसं चाललं होतं. आहे त्याच क्रमात पुढून-मागून फोटो काढा, सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. फिल्मचा जुना डबा निघाला तर घरात उघडत बसू नका, नायट्रेट (जुन्या काळची ज्वलनशील फिल्म) असेल तर पटकन पेट घेते, पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला विचारा.

आता गाईडचं. अमेरिकन दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक 1999 ला गेले, त्यांचे कागद लंडनच्या कला विद्यापीठात 2007 पासून अभ्यासकांना बघायला मिळायला लागले आणि त्यांच्यावरचं लिखाणच बदललं बघा, आधी बहुतेक जण पडद्यावरच्या चित्राचा अर्थ लावत होते, नंतर पत्रव्यवहार, स्क्रिप्टचे खर्डे, लोकेशनचे फोटो, आणि नेपोलियनवरचा जो पिक्चर कधी झालाच नाही त्याची तयारीसुद्धा अभ्यासात आली. सत्यजित राय यांच्या लाल कापडी वह्यांतही तसंच, पटकथा, पात्रांची स्केचेस, कपडे, संगीत सगळं एकत्र, त्यामुळे कुठला विचार आधी आणि कुठला नंतर आला ते दिसतं. पडद्यावर फक्त शेवटचा निर्णय दिसतो, टाकून दिलेलं काही दिसत नाही.

पण एक सांगतो, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दिग्दर्शकाच्या संग्रहात त्याने किंवा घरच्यांनी ठेवलेलंच असतं, सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं असं वाटायला लागतं, शिंपी आणि लाईटवाले कुठंतरी व्हाउचरवर सापडले तर सापडले. आणि जे उरलंच नाही त्याचं काय? गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळला, त्यात गेलेलं आता कोण कुठून आणणार, तिथं आठवणींवरच भागवावं लागतं. म्हणून चॅप्टर लिहिताना हे कागद कुणी ठेवले आणि कुणाचे ठेवलेच नाहीत, हे आधी लिहा.

तुमच्या मामांची ट्रंक तर दुसऱ्या बाजूची आहे, दिग्दर्शकाची नाही, काम करणाऱ्याची! अशा ट्रंका फार कमी उरल्यात. या रविवारीच निपाणीला जा, एकेक फोटो त्यांच्या हातात द्या, कोण कोण आहे ते विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यातली माणसं ओळखणारे आता तेच.