आधी हुक्क्याचं बोल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

पोरांनी तंबाखू सोडावी म्हणून तू जे बोलणार आहेस, त्याच्या चाळीस स्लाइड तयार आहेत म्हणतोस. त्यातली काळ्या फुप्फुसांची चित्रं काढून टाक. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या सीडर-रिव्हरसाइड वस्तीतल्या सोमाली पोरांनी ती शाळेत पाहिली आहेत; ती बघून कुणी सोडल्याचं मला तरी आठवत नाही.

सुरुवात हुक्क्यापासून कर. सिगारेट वाईट हे त्यांना ठाऊक आहे. हुक्का मात्र त्यांच्या लेखी तंबाखूच नव्हे: सफरचंदाचा वास, खाली पाणी, चार मित्र. हसू नकोस. माझी आजी रोज सकाळी मिश्री लावायची आणि आमच्या घरात तंबाखूला कुणी शिवत नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगायचे. हुक्क्यात भरतात तो गोड लगदा म्हणजे काकवी किंवा मध घातलेला तंबाखूच. पाण्यानं धूर गार होतो, विषारी राहतोच. शिवाय कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं तासाभराच्या एका बैठकीत शंभर किंवा जास्त सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो. हा आकडा एकदाच सांग आणि गप्प बस. पुढचे प्रश्न तेच विचारतील.

दुसरी गोष्ट लाजेची, आणि इथे मी स्वतः चुकले आहे. एका मुलाला मी म्हणाले, ‘हूयोला सांगू का?’ हूयो म्हणजे आई. तो पुन्हा आलाच नाही. ओढणं त्या घरांत लाजिरवाणं, मुलींसाठी तर फारच. त्या धाकानं पुष्कळ पोरं लांब राहतात, हे खरं. पण एकदा सुरू झालं की तीच लाज लपवायला शिकवते. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर पेन ड्राइव्हसारखा दिसतो. दप्तरात सापडला तरी आईला काय कळणार? शाळेतून तक्रारीचं पत्र आलं, तर ते तिला सोमालीत समजावून सांगणारा दुभाषी पुष्कळदा तो मुलगाच असतो!

म्हणून पत्रकं छापण्यात पैसे घालू नकोस. सोमालीला अधिकृत लिपी मिळाली ती 1972 मध्ये; तोवर ती तोंडी कवितेवर पोसली. व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठव, तोही तिथल्याच एखाद्या बाईच्या आवाजात. आणि प्रत्येक मुलामागे एक अब्ती शोध. अब्ती म्हणजे मामा, अदेर म्हणजे काका. इंग्रजीत दोघेही अंकल, पण मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. नात्यानं कुणीही चालेल. ऐकलेलं घरी न पोचवणारा हवा.

कायद्यावर वेळ घालवू नकोस. एकवीस वर्षांखाली विक्रीला बंदी आहे आणि मोठा भाऊ आणून देतो, दोन्ही त्यांना माहीत आहे. रमजान मात्र सोडू नकोस. रोजा धरणारा दिवसभर ओढत नाहीच. खरी ओढ लागते ती इफ्तारनंतर. तेवढा तासभर त्याच्याबरोबर चालायला जा, किंवा बास्केटबॉल खेळ.

गुरुवारी जाशील तेव्हा वेलची-दालचिनीचा चहा पुढे करतील. त्याला शाह म्हणतात. साखर भरपूर असेल, तरी कप रिकामा कर.

तुझी,
मावशी