घर आपलं, प्रश्न तुमचे: भाकरीचा ओटा किती उंच?

प्रश्न: ताई, लोंढ्याच्या बाजूला आमचं नवं घर चाललंय, जांभ्याच्या चिऱ्यांचं. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट. दक्षिणेला माजघराचं दार, उत्तरेला परसाचं, लांबीच्या पश्चिम भिंतीत खिडकी. मिस्त्री म्हणतो, शेगडी खिडकीखाली ठेवा. सासूबाईंना ती पूर्वेला हवी. माझं माहेर अथणीकडचं, रोज जोंधळ्याच्या भाकरी. उंच ओट्यावर थापताना खांदे भरून येतात. मागच्या पडवीत चूलही राहणार आहे.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: सासूबाईंचं ऐका. तुमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. खिडकीखाली शेगडी असली की वाऱ्याने जाळ हलणार, कधी विझणार, आणि गॅस मात्र सुटतच राहणार.

पूर्वेच्या भिंतीला सलग १० फुटांचा, २ फूट रुंद ओटा घ्या. परसाच्या बाजूला सिंक, म्हणजे सांडपाण्याचा पाइप जवळ पडेल. मग चिरायला, मळायला ३ फूट मोकळे, मग शेगडी, आणि तिच्या उजव्या हाताला उरलेले सव्वादोन-अडीच फूट खास भाकरीसाठी. थापायची उजवीकडे, टाकायची डावीकडे तव्यावर.

हा शेवटचा तुकडा खाली उतरवा. थापताना अंगाचा भार हातावर यावा लागतो, म्हणून पीठ कोपराच्या बरंच खाली हवं. तुमची उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर बाकीचा ओटा ३२ इंच आणि हा २८ इंच पुरे. तरी गवंड्याच्या टेपवर सोडू नका. विटा रचून, वर फळी टाकून खरोखर एक भाकरी थापून बघा, मग उंची ठरवा. खाली कपाट करू नका. गुडघे आत गेले की सासूबाईंनाही स्टुलावर बसून थापता येईल.

दोन्ही दारं पश्चिमेच्या कोपऱ्यांकडे सरकवा. पोरं माजघरातून परसात धावतात ती तुमच्या पाठीला लागून, हातात उकळतं पातेलं असताना, धावायला नकोत.

आता चूल. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत पसरतो, उंबऱ्यावरून पडवीत उतरतो आणि चुलीच्या विस्तवापर्यंत पोचतो. म्हणून चूल दाराच्या रेषेत नको, पडवीच्या लांबच्या टोकाला हवी. सिलिंडर मळायच्या जागेखाली, शेगडीच्या बाजूला, उभाच ठेवा. त्याला दार लावू नका. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, ५ वर्षांनी बदलायचीच. भिंतीत अगदी खाली, जमिनीलगत जाळी बसवा. नुसत्या वरच्या एक्झॉस्ट फॅनने खाली साचलेला गॅस जात नाही. वास आला तर बटणाला हातसुद्धा लावायचा नाही, चालू करायला नाही की बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद, चूल पेटली नसेल तर दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन.

पश्चिमेच्या भिंतीत विजेचा बोर्ड नको, जांभा पावसात ओल धरतो. मिक्सरचा सॉकेट सिंकपासून लांब घ्या, आणि वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आग्रहाने बसवून घ्या.

दारांच्या चौकटी बसल्या नसतील तर गवंड्याला आजच सांगा.